शिवराज काय करतो

पद्मावतीबाई गेल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची पेन्शन बंद झाली. त्रिवेणीला त्याचं काही वाटलं नाही. आईच राहिली नाही, तर आईची पेन्शन कशी राहील? पण बँकेतल्या बाईने पासबुक परत देताना सहज विचारलं, घरात त्यांच्यावर अवलंबून असलेलं आणखी कोणी आहे का. त्रिवेणीने भिंतीशी बाकड्यावर बसलेल्या शिवराजकडे बोट दाखवलं. बाईने त्याच्याकडे पाहिलं. डावा हात छातीशी मुडपलेला, मान किंचित कललेली, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि वरच्या खिशात नुसतंच लावलेलं पेन. बाई म्हणाली, अशा मुलाला वडिलांच्या नोकरीची पेन्शन जन्मभर मिळते, तुम्ही त्यांच्या ऑफिसात अर्ज करा.

मुलगा चोपन्न वर्षांचा होता.

दत्तोबा बिरादार उदगीरच्या पलीकडच्या एका खेड्यातून हैदराबादला आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. केंद्र सरकारच्या एका कचेरीत दफ्तरी म्हणून लागले, नल्लकुंट्यात दोन खोल्या घेतल्या, बायकोला आणलं. आधी त्रिवेणी झाली, मग पाच वर्षांनी शिवराज. तो तीन वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला. जीव वाचला, पण डावी बाजू लुळी पडली आणि बुद्धी आठ-दहा वर्षांच्या मुलाइतकीच वाढून तिथे थांबली. दत्तोबांनी हे कधी मान्य केलं नाही. कोणी विचारलं की ते म्हणायचे, आमचा शिवराज जरा सावकाश आहे. कचेरीतल्या कुटुंबाच्या यादीत त्यांनी मुलाचं नाव घातलं, पण त्याच्यापुढे अपंग असा शेरा काही घातला नाही. घालायला हवा होता, हे तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल आणि त्यांनी ऐकलं नसेल.

दत्तोबा गेल्यावर आई आणि भाऊ त्रिवेणीकडे मलकपेठेत राहायला आले. तिचा नवरा विकास एका पंपाच्या कंपनीतून निवृत्त झाला होता. खाजगी नोकरी, पेन्शन नाही. त्रिवेणी स्वतः मराठी शाळेत शिकवायची. मुलं कमी होत होत ती शाळा एका वर्षी बंदच पडली. मुलगी बंगळूरला तिच्या संसारात. आईची पेन्शन होती तोवर शिवराजचं औषधपाणी त्यातून निघायचं, आणि मुख्य म्हणजे त्रिवेणीला पुढचा विचार करावा लागत नव्हता. आता करावा लागत होता. ती साठीला आली होती, विकासचे गुडघे गेले होते. आपल्या माघारी हा कोणाच्या दारात उभा राहील, हा प्रश्न तिला भाजी निवडताना, अंघोळ करताना, कधीही यायचा. मुलीवर टाकायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं.

म्हणून तिने अर्ज केला.

कचेरीत ही कामं बघणारी ज्योती नावाची बाई होती. चाळिशीची, केसांत रोज मोगरा, टेबलावर फायलींच्या दोन भिंती आणि त्यांच्या मधल्या फटीतून दिसणारा तिचा चेहरा. ती वाईट नव्हती. एक कागद नसला की तेवढाच सांगायची, आणि तो घेऊन गेलं की पुढचा. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, आईच्या मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, लग्न न झाल्याचं प्रतिज्ञापत्र, सरकारी इस्पितळाच्या बोर्डाचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट. सगळे एकदम का सांगत नाही, असं त्रिवेणीने एकदा विचारलं, तेव्हा ज्योती म्हणाली की एकदम सांगितलं की लोक घाबरून परत येतच नाहीत.

त्यात नावाचा घोळ निघाला. वडिलांच्या फायलीत शिवराज दत्तोबा बिरादार. आधार कार्डावर, इथल्या रिवाजाप्रमाणे घराणं आधी लावून आणि शेवटी उकार जोडून, बिरादर शिवराजू. शाळेच्या जुन्या दाखल्यावर बी. शिवराज. तीन माणसं झाली होती त्याची. नाव दुरुस्त करायला आधार केंद्रात गेले तर यंत्रावर बोटांचे ठसे उमटेनात. डाव्या हाताची मूठ उघडत नव्हती, ती त्रिवेणीने खोबरेल लावून हळूहळू उघडली तरी बोटं थरथरायची. उजव्या हाताची बोटं पुठ्ठ्यावर घासून गुळगुळीत झाली होती. केंद्रातल्या पोरीने पुन्हा पुन्हा पुसून पाहिली आणि शेवटी डोळ्यांवर भागवलं. शिवराज मात्र खूश होता. यंत्राने आपला फोटो डोळ्याच्या आतून काढला, असं त्याने घरी येऊन दाजींना, म्हणजे विकासला, दोनदा सांगितलं.

पुठ्ठा कुठला, तेही सांगितलं पाहिजे. मलकपेठेत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईचं एक दुकान होतं. तिथे मागच्या खोलीत शिवराज मिठाईचे डबे वळायला जायचा. सपाट पुठ्ठा यायचा, तो डाव्या कोपराने दाबून धरायचा आणि उजव्या हाताने कडा मोडून, कान आत खोचून डबा उभा करायचा. लग्नसराईत आणि दिवाळीत तिथे त्याच्या डोक्याइतक्या उंच चळती लागत. सकाळी अंघोळ करून, खिशाला पेन लावून तो निघायचा ते जेवायलाच परत यायचा. शेठ त्याला चहा, गरम समोसा आणि वरखर्चाला काहीतरी द्यायचे. तेवढ्याने कोणाचं पोट भरलं नसतं. पण कोणी विचारलं, की शिवराज म्हणायचा, मी दुकानात असतो.

बोर्डाच्या दिवशी इस्पितळात जाताना ऑटोत त्रिवेणीने त्याला समजावलं. डॉक्टर विचारतील, काम करतोस का. तू नाही म्हणायचं. त्याने का म्हणून विचारलं. ती म्हणाली, तसं म्हटलं तर दादांची पेन्शन तुला मिळेल. दादा म्हणजे दत्तोबा; त्यांचं नाव निघाल्यावर त्याने मान डोलावली.

इस्पितळाच्या ओसरीवर माणसंच माणसं होती. चाकाच्या खुर्चीत, कुबड्यांवर, आयांच्या कडेवर. दुपार कलली तेव्हा त्यांचा नंबर आला. डॉक्टर थकलेला होता, पण आवाज मऊ होता. त्याने शिवराजचा हात वाकवून पाहिला, त्याला चालायला लावलं, आजचा वार विचारला. मग कागदावरून नजर न काढता विचारलं, "क्या काम करते ये?"

"कुछ नहीं सार," त्रिवेणी म्हणाली.

"करता ना," शिवराज म्हणाला. "डब्बे करता. रोज करता."

डॉक्टरने मान वर केली. टेबलाच्या कडेला हातमोज्यांचं एक रिकामं खोकं पडलं होतं. शिवराजने ते ओढून घेतलं, उलगडून सपाट केलं, कोपराखाली दाबलं आणि बघता बघता पुन्हा उभं करून डॉक्टरसमोर ठेवलं. कोपरे असे जुळले होते की खोकं नवं वाटावं. डॉक्टर हसला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलंच हसू असावं. "शाब्बास," असं म्हणून त्याने शिवराजच्या पाठीवर थाप मारली आणि बराच वेळ लिहीत राहिला. बाहेर आल्यावर त्रिवेणीला रागवायचं होतं, पण डॉक्टर इतका चांगला वागला होता, की सगळं ठीकच झालं असं तिला वाटलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. अर्जाची स्थिती मोबाईलवर कळते म्हणून मुलीने फोनवरून तिला ती वेबसाइट उघडून दिली होती. त्रिवेणी रोज उठल्याबरोबर आणि जेवण झाल्यावर चष्मा लावून नंबर घालायची. प्रक्रियेत आहे, एवढंच यायचं. मदतीचा एक फोन नंबर होता. तो लावला की आधी गाणं वाजायचं, मग आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं एक बाई सांगायची, मग पुन्हा गाणं. त्रिवेणी स्पीकरवर टाकून पोळ्या लाटायची. पोळ्या संपायच्या, फोन आपोआप कटायचा. बस बदलून कचेरीत गेलं, की ज्योती रजेवर असायची, नाहीतर साहेब मीटिंगमध्ये, नाहीतर सर्व्हर बंद. विकासने एकदा सुचवून पाहिलं, की सोडून दे, आहोत तोवर आपण बघू. तिने मदतीचा नंबर परत लावला, आणि त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटी ज्योतीनेच बोलावून फाईल तिच्यापुढे उघडली. अपंगत्व भरपूर आहे, असं बोर्डाने लिहिलं होतं. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती: रुग्ण हाताने करायची हलकी कामं सफाईने करू शकतो व सध्या करतो.

"काम करते बोलके लिख दिये ना डाक्टर साब," ज्योती म्हणाली. "काम करते तो कैसा होता अम्मा? जो कमा नईं सकता, उसकूच मिलता."

त्रिवेणीने सांगून पाहिलं की ते काम म्हणजे चहा-समोशाचं काम आहे, ती कमाई नव्हे. ज्योती म्हणाली की मला कळतं, पण कागदाला कळत नाही. पुन्हा बोर्डापुढे उभं राहावं लागेल. आणि त्याआधी घरी चौकशीला माणूस येईल, तेव्हा हा दुकानात सापडू नये.

बसमध्ये सोबत आलेला शिवराज खिडकीपाशी बसला होता. त्रिवेणीने कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. घर जवळ आलं तेव्हा मात्र तिला आवरलं नाही.

"नाही म्हण म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"पण मी करतो की, अक्का," तो म्हणाला. तिला एवढं साधं कसं कळत नाही, असा त्याचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्याचं दुकान बंद केलं. शेठना जाऊन सांगितलं की काही दिवस तो येणार नाही, कोणी विचारलं तर इथे येत नाही म्हणा. शेठनी मान डोलावली. शिवराज अंघोळ करून पेन लावून दारापाशी उभा राहिला, तेव्हा तिने दार लावून घेतलं. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो बराच वेळ दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि मग येऊन खुर्चीत बसला.

पहिले काही आठवडे तो रोज तयार होऊन बसायचा. मग पेन लावायचं सोडलं. मग अंघोळीला उठवावं लागायला लागलं. सकाळी घरात येणारी वर्तमानपत्रं, औषधांची पाकिटं, हाताला लागेल ते सुरुवातीला घड्या घालून ठेवायचा, तेही थांबलं. जेवण कमी झालं. टीव्ही लावून दिला की त्याच्याकडे बघायचा, बंद केला की बंद टीव्हीकडे बघायचा. विकास त्याला पत्ते खेळायला बसवायचा, तर त्याच्या हातातली पानं तशीच राहायची. त्रिवेणी हे सगळं बघत होती. रोज वाटायचं, जाऊ दे, पाठवावं दुकानात. मग वाटायचं, इतकं केलं, आता थोड्यासाठी कशाला घालवायचं? चौकशीचा माणूस उद्याच आला तर?

तो माणूस पावसाळा संपता संपता आला. घरात आला, पाणी प्याला, शिवराजकडे एकदा बघितलं, शेजारच्या बिऱ्हाडात दोन प्रश्न विचारले, सह्या घेतल्या आणि गेला. मिठाईच्या दुकानाकडे तो फिरकलाही नाही.

दुसऱ्या बोर्डाला डॉक्टर बाई होती. तरुण, घाईत, पण तिनेही शिवराजला नीट बसवून घेतलं. या वेळी त्रिवेणीने त्याला आधी काहीच शिकवलं नव्हतं. शिकवायचा तिला कंटाळा आला होता, आणि थोडी भीतीही वाटली होती. पुन्हा डबे निघाले तर पुन्हा पहिल्यापासून.

"क्या करते अण्णा दिनभर?" डॉक्टर बाईने विचारलं.

शिवराज आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. बाईने प्रश्न पुन्हा विचारला.

"कुछ नईं," तो म्हणाला.

"कुछ भी नईं?"

"नईं."

बाईने लिहिलं. त्रिवेणीला हवी होती तीच ओळ होती ती, हव्या त्या शब्दांत. तिने ती वाचली, कागद पिशवीत घातला आणि भावाला उठवायला हात दिला. त्याचा हात हलका झाला होता. ओसरीवर आल्यावर ती एका खांबाला टेकून उभी राहिली. लोक बाजूने जात होते. एक म्हातारी तेलुगूत विचारून गेली की काय झालं, पाणी देऊ का. त्रिवेणीने नको म्हणून हात हलवला. त्याने खोटं सांगितलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं.

त्यानंतरही बरंच काही झालं. फाईल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेली, पालक म्हणून त्रिवेणीचं नाव लावायला आणखी एक प्रतिज्ञापत्र लागलं, जोडखातं उघडावं लागलं, नावातला तो उकार कुठूनतरी पुन्हा उगवला आणि पुन्हा काढावा लागला. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला मंजुरी आली. ज्योतीने स्वतः फोन करून सांगितलं. त्रिवेणी पेढे घेऊन गेली, कारण न जाणं बरं दिसलं नसतं. ज्योतीने सही घ्यायला तिला साहेबांकडे पाठवलं. साहेब नवीन बदलून आलेले होते. त्यांनी फाईल पहिल्या पानापासून चाळली, बोर्डाचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, पहिल्या सर्टिफिकेटवर काम का झालं नाही? त्रिवेणीने सांगितलं. साहेब म्हणाले की इतकी चिल्लर कमाई आड येत नाही. त्यावर त्याचं पोट भरत नाही ना, मग झालं. नियमात तसं आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?

साहेबांनी सही केली, तशी त्रिवेणी उठली. बाहेर येताना ज्योती फायलींच्या फटीतून बघत होती. तिने ऐकलं असावं. ती खाली बघून कुठलातरी शिक्का शोधायला लागली. त्रिवेणीने पेढ्यांचा पुडा तिच्या टेबलावर ठेवला आणि जिना उतरली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने शिवराजला अंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट दिला, स्वतःच्या हाताने खिशाला पेन लावलं आणि दुकानाकडे घेऊन गेली. शेठना आनंद झाला. मागच्या खोलीतलं त्याचं स्टूल तिथेच होतं, वर पुठ्ठ्याचा गठ्ठा ठेवलेला. शेठनी गठ्ठा उचलून जागा करून दिली. शिवराज उंबऱ्यात थांबला.

"जा ना आत," त्रिवेणी म्हणाली. "आता जायला हरकत नाही. मी विचारून आले."

"नक्को अक्का."

"का रे?"

"पेन्शन जाईल," तो म्हणाला.

तिने परोपरीने सांगितलं, शेठनी सांगितलं, साहेबांचं नाव सांगून झालं. तो हलला नाही. आपण दुकानात गेलो की काहीतरी वाईट होतं, अक्का दार लावते, दादांचं काहीतरी जातं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि जे तिथे बसायचं ते निघत नसे. ती त्याला घेऊन परत आली. नंतरही एक-दोनदा तिने प्रयत्न करून पाहिला, मग सोडून दिला.

पेन्शन आता महिन्याच्या महिन्याला येते. दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो; शिवराजला बँकेत नेऊन उभं करावं लागतं. त्या दाखल्यासोबत तो कमवायला लागलेला नाही, असंही लिहून द्यावं लागतं. ते त्रिवेणी लिहून देते. आपल्या माघारी हे कोण करील, ही काळजी काही गेलेली नाही. फक्त तिच्या यादीत एक काम वाढलं आहे. मुलीला तिने एका रविवारी फोनवर सगळं समजावून सांगितलं. मुलगी लिहून घेत होती आणि मध्येच म्हणाली, आई, एवढं सगळं तू एकटीने केलंस? त्रिवेणी म्हणाली, केलं खरं.

गेल्या हिवाळ्यात विकासला डॉक्टरने गुडघ्यांसाठी रोज थोडं तरी चालायला सांगितलं. एकटं जायचं जिवावर यायचं म्हणून तो शिवराजला सोबत न्यायला लागला. दोघं लंगडतच जायचे, एक गुडघ्यांमुळे आणि एक पायामुळे. मलकपेठेच्या रेसकोर्सच्या कडेला एका ठिकाणी भिंत बसकी आहे, तिथून सकाळी घोडे फिरवताना दिसतात. शिवराजला ते आवडलं. आधी तो नुसता बघायचा. मग एक दिवस घरी येऊन त्याने त्रिवेणीला सांगितलं की पांढऱ्या पायाचा एक घोडा आहे, तो वळणावर मान झटकतो. पुढच्या दिवशी तो घोडा आला नव्हता, तेही सांगितलं. आता विकासच्या आधी तोच चपला घालून तयार असतो, आणि विकासला उशीर झाला की दाजी, घोडे जातील, म्हणून दारातून हाक मारतो.

एका सकाळी त्रिवेणीला उठायला उशीर झाला. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं, घरात कोणी नव्हतं. दोघं आपला आपला चहा करून निघून गेले होते. ओट्यावर दुधाचं पातेलं झाकायचं राहिलं होतं. फोन उशाशी होता. जुन्या सवयीने तिचा हात त्याच्याकडे गेला, अर्जाचं काय झालं ते बघायला, आणि मग तिच्या लक्षात आलं की बघायचं काही उरलेलं नाही. तिने फोन पालथा घातला, कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.